केबल कोणी कापली?

गुन्ह्याचा छडा लावणं हे सुसंस्कृत समाजाचं पहिलं कर्तव्य आहे. लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत हे कर्तव्य १९९६ साली केबलवाटे पोचलं. रोज दुपारी दोन वाजता भाईदासभाऊंच्या घरी विलायती खुनाची मालिका लागे. हिरवंगार खेडं, कपबशीतला चहा आणि दर भागाला एक प्रेत.

मालिका इंग्रजीत होती, पण त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. भाईदासभाऊंनी तीस वर्षं कापड विणायचे लूम चालवून दोन्ही कान कारखान्याला दिले होते, त्यामुळे त्यांच्या टीव्हीचा आवाज शेवटच्या काट्यावर असे. न कळणारी भाषा तीन गल्ल्यांना स्वच्छ ऐकू जाई. भूपेंद्र दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झाला होता, सबब विषयाचा सर्वाधिक अनुभव त्याचाच, म्हणून त्याला दुभाष्या नेमलं. उषाबाई चेहऱ्यावरून खुनी ओळखत. एकोणीस भागांत त्यांनी एकोणीस ओळखले, पैकी दोन खरे निघाले. (सरकारी तपासाशी तुलना करू नये.) मी नोंदी ठेवत असे.

या अभ्यासातून आम्हा चौघांच्या समितीला तीन गोष्टी पक्क्या कळल्या. ज्याच्या हातात सुरी, तो निर्दोष. ज्याला कारण आहे, तोही निर्दोष. आणि जो आपण होऊन कबुली देतो, तो हमखास दुसऱ्या कोणाला तरी वाचवत असतो.

एका मंगळवारी पडद्यावरचे गुप्तहेर साहेब सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून खुन्याचं नाव घेणार, एवढ्यात पडद्यावर मुंग्या आल्या. केबल कापली गेली होती.

ती केबल शेजारच्या धुडकूच्या छपरावरून जाई. दोन्ही घरांच्या मध्ये फक्त पत्रा. धुडकू लूमवर रात्रपाळीला, संध्याकाळी सात ते सकाळी सात, त्यामुळे झोपायचं दुपारी. आम्ही बाहेर आलो तर तो दारातच उभा. डोळे लाल, हातात सूत कापायची कात्री.

"मीच कापी, भाईदासभाऊ," तो म्हणाला. "आठ दिन व्हई ग्यात, डोयाले डोया नही. माले निजू द्या."

समितीनं त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून फेटाळलं. हातात कात्री, कारण पक्कं, वर कबुली. म्हणजे तिन्ही बाजूंनी निर्दोष. उषाबाईंना तर त्याची कीव आली. कोणाला वाचवतोस, असं त्यांनी मायेनं विचारलं आणि चहा दिला.

केबल दुसऱ्याच दिवशी जोडून झाली, पण तपास थांबवणं योग्य नव्हतं. मालिका संपली की आम्ही घटनास्थळी, म्हणजे धुडकूच्या खोलीत, बैठक भरवत असू. जागेअभावी त्याच्या अंथरुणावर बसत असू. संशय केबलवाल्यावर, पोस्टमनवर आणि कतारगामला राहणाऱ्या भाईदासभाऊंच्या जावयावर होता. धुडकू रोज नव्यानं कबुली देई. (एकूण सहा. नोंदी माझ्याकडे आहेत.)

सातव्या रात्री तो लूमवर उभ्या उभ्या झोपला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

समिती केळी घेऊन दवाखान्यात गेली. त्या प्रकरणात रहस्य काहीच नसल्यानं तपास केला नाही. त्याच्या हाताकडे पाहून मला फार लाज वाटली, पण दोन वाजत आले होते म्हणून आम्ही निघालो.

आता वाचकांविषयी. केबल कोणी कापली, का कापली, कशानं कापली, हे तुम्हाला मघाशीच सांगितलं होतं. खुद्द धुडकूनं सांगितलं होतं. तरी तुम्ही इथवर आलात, शेवटी दुसराच कोणीतरी निघेल म्हणून. या, बसा. धुडकूच्या अंथरुणावर अजून एकाची जागा आहे.