तीस अंशांत वाकणारी काच

काच स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही, आणि आडवी रचली तर स्वतःच्याच भाराने तडकते. सबब तिला कशाला तरी टेकणे भाग आहे. हे मान्य केले की एकच प्रश्न उरतो: टेकताना तिने कोणासमोर कसे दिसावे? काचेच्या वाहतुकीवरचे आजवरचे सारे लिखाण सुरक्षिततेसारख्या दुय्यम बाबीत गुंतून पडल्यामुळे या मुख्य प्रश्नाकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. ते वेधण्याचा मान साकाई बंदरामागच्या आमच्या उरुशिबारा काच कंपनीकडे जातो. मी तिच्या रॅक निवड समितीचा चिटणीस आहे.

समिती नेमण्याचे कारण असे घडले. इमारतींचे कंत्राटदार कामोशिता हे आमचे सर्वांत मोठे ग्राहक. एके दिवशी त्यांच्या आवारात आमचा ट्रक उभा राहिला. त्यावर नेहमीचा तंबूच्या आकाराचा रॅक होता. म्हणजे मधल्या कण्याला दोन्ही बाजूंनी काचा टेकलेल्या, पाय बाहेर आणि माथा आत. कामोशितांनी त्या काचांकडे बराच वेळ पाहिले, दातांमधून हवा आत ओढली आणि ते म्हणाले, “तुमची काच फार निवांत असते हो!” (याहून कठोर भाषा आमच्याकडे न्यायालयातसुद्धा वापरत नाहीत.) त्यानंतर त्यांची मागणी यायची थांबली.

त्यांचे म्हणणे खोडून काढणे अशक्य होते. आमच्याकडे रोज सकाळी भिंतीवर रेखलेल्या कोनांसमोर सर्वजण वाकण्याचा सराव करतात: जिन्यात कोणी भेटले तर पंधरा अंश, ग्राहकासमोर तीस, क्षमा मागताना पंचेचाळीस. पहारेकऱ्यापासून अध्यक्षांपर्यंत सगळी कंपनी पुढे वाकत असताना कंपनीचा मालच तेवढा ग्राहकासमोर पाच अंश मागे रेलून उभा राहतो, ही विसंगती इतकी वर्षे कोणाला खुपली नाही, याचेच आश्चर्य वाटते.

समितीचे प्रमुख नुकागासाहेब हे सामान्य प्रशासनाचे अधिकारी. काचेशी त्यांचा संबंध चष्म्यापुरता असल्याने त्यांच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका घेता येत नव्हती. समितीने उपलब्ध रॅकचे गुणदोष पुढीलप्रमाणे नोंदवले. तंबूचा रॅक रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांचा एकाच वेळी अपमान करतो. एकाच बाजूने टेकवण्याचा रॅक निम्म्याच लोकांचा अपमान करतो, परंतु उरलेल्या निम्म्यांना पाठ दाखवतो. खाचांचा रॅक काच सरळ उभी धरतो. त्यात अपमान नाही, पण आदरही नाही, करवसुली अधिकारी दारात उभा राहावा तसे ते दिसते. आकडेवारीही मागवण्यात आली. मागे रेललेल्या काचेमुळे कोणी जखमी झाल्याच्या तक्रारी: शून्य. मागे रेललेल्या काचेमुळे ग्राहक दुखावल्याच्या तक्रारी: एक. शून्याच्या तुलनेत एक किती टक्क्यांनी अधिक, हे हिशेबनिसांना काढता येईना, म्हणून तक्त्यात ‘अमर्याद’ असे लिहिले.

निष्कर्ष उघड होता. काचेने ग्राहकाकडे वाकले पाहिजे. पाय ट्रकच्या पलीकडच्या कडेला, माथा पुढे, आणि सगळा भार समोरून ओढून बांधलेल्या रुंद पट्ट्यांवर, असा नवा रॅक बनवून घेण्याचे ठरले. प्रसंग क्षमायाचनेचा असल्याने पंचेचाळीस अंशांचा आग्रह झाला होता. पण तेवढे वाकल्यास काच ट्रकच्या बाहेर येते, आणि रस्ते वाहतुकीच्या नियमांत पश्चात्तापासाठी सवलत नाही. तीस अंशांवर एकमत झाले. (गोदामात मागच्या रांगेतल्या काचांना पूर्ववत रेलण्याची मुभा दिली, कारण तिकडे कोणी पाहुणे जात नाहीत.)

शेवटच्या बैठकीला ट्रकचालक तोरिगोए यांना बोलावले होते. माल पोहोचला की काचेसमोर उभे राहून पट्टे सोडण्याचे काम त्यांचे.

“साहेब, पट्टा सोडताना मी उभा कुठे राहायचं?” त्यांनी विचारले.

“नेहमीसारखं. काचेसमोर,” नुकागासाहेब म्हणाले.

“आणि पट्टा सुटल्यावर काच कुठे जाणार?”

“जाईल कशाला? ती नमस्कार करतेय.”

“तुम्ही नमस्कार करून परत सरळ होता, साहेब. ही होणार आहे का?”

सगळ्यांनी सातूचा थंड चहा एकदमच उचलला.

“अहो तोरिगोए,” नुकागासाहेब मायेने म्हणाले, “कामोशिता गेले तर काच कापण्याचा एक विभाग बंद करावा लागेल. त्यात तुमचा मेहुणाच आहे ना?”

“आहे. माझे पायपण दोनच आहेत.”

हा प्रश्न ‘वाहतूक विभागाकडून आलेली उत्साहवर्धक सूचना’ म्हणून इतिवृत्तात घेतला. तोरिगोएंच्या पायांची दखल घेऊन त्यांना नवे शिरस्त्राण मंजूर झाले. मात्र डोक्यावर काही ठेवून ग्राहकासमोर जाणे असभ्य असल्यामुळे ते माल उतरवण्यापूर्वी काढावे, अशी अट घातली.

ठरलेल्या सकाळी ट्रक कामोशितांच्या आवारात शिरला. काचा खरोखरच अदबीने वाकल्या होत्या. मीही त्या पाहून नकळत किंचित वाकलो. कामोशिता हात मागे बांधून समोर उभे होते. नुकागासाहेब ट्रककडे पाठ करून त्यांच्यासमोर गेले आणि पंचेचाळीस अंशांत वाकले.

“सोडा,” ते वाकूनच म्हणाले.

“साहेब, जरा बाजूला व्हा की!”

“अर्ध्यात सरळ होणं बरं दिसत नाही. सोडा म्हणतो ना!”

तोरिगोएंनी शिरस्त्राण काढून ठेवले आणि पट्टा सोडला. काच तीस अंशांवर थांबली नाही. पंचेचाळीसवरही थांबली नाही. तोरिगोएंनी पुढे झेपावून नुकागासाहेबांच्या कोटाची कॉलर धरली आणि त्यांना वाळूच्या ढिगावर भिरकावले. पुढच्याच क्षणी सगळा माल कामोशितांच्या बुटांपासून हातभर अंतरावर जमिनीवर लोटांगण घालून फुटला.

कामोशितांनी रुमाल काढला.

“अहो, तीस अंश पुरे होते हो!” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “इतकं मनापासून माझ्यापुढे आजवर कोणी आलं नाही. माझा जावईसुद्धा नाही.”

हॉटेलच्या सातमजली इमारतीची सगळी काच आमच्याकडूनच घेण्याचे त्यांनी तिथल्या तिथे कबूल केले. कापणीचा विभाग वाचला. नुकागासाहेबांना बढती मिळाली. वाळूच्या ढिगावरही त्यांनी वाकण्याचा कोन सोडला नव्हता, याचा गौरवपत्रात खास उल्लेख आहे. फुटलेला माल सत्कार खर्चात टाकण्यास लेखापरीक्षकांनी हरकत घेतली नाही. ही सेवा इतर दुखावलेल्या ग्राहकांनाही देता येईल का, यावर समिती विचार करीत आहे, आणि प्राथमिक चौकश्या आशादायक आहेत.

वाचकहो, आपण हा वृत्तांत लक्षपूर्वक वाचलात. रॅकचे प्रकार, वाकण्याचे अंश, हॉटेलचे मजले, नुकागासाहेबांची बढती, हे सारे आपल्या ध्यानात राहिले असेल. कॉलर धरून ओढणारा माणूस त्या वेळी काचेखाली होता की बाहेर, हे मी सांगितले नाही, आणि आपणही विचारले नाही. तोरिगोएंचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आमच्या समितीत एक जागा रिकामी आहे. आपण अर्ज करावा.