म्हाळाप्पाचा हुंकार

म्हाळाप्पाच्या टांग्यात बसून कुणी गप्प राहिल्याचं मी पाहिलं नाही. स्वतः म्हाळाप्पा मात्र बोलत नसे. तो फक्त 'हूं' म्हणे.

आता 'हूं' कोण म्हणत नाही? आमचे हेडमास्तरही म्हणतात. पण त्यांच्या 'हूं'चा अर्थ 'पुरे' असा असतो. म्हाळाप्पाच्या 'हूं'चा अर्थ 'मग?' असा होता. घोडीच्या कानांकडे बघत, मान जराशी मागे वळवून, तो नेमक्या जागी असा काही हुंकार सोडी की बोलणाऱ्याला वाटावं, आपलं आयुष्य म्हणजे एक मोठी कहाणी आहे आणि हा एकटाच ती समजून घेतो आहे. एकदा स्टेशनवरून एक वकीलसाहेब बसले. सात रस्ता चौकापर्यंत त्यांनी हवापाण्याची गोष्ट केली, पुढे घरच्या भाऊबंदकीची, आणि कोर्ट येईतो त्या दिवशीच्या खटल्याची: आपलाच पक्षकार खोटा कसा, साक्षीदार पढवलेला कसा, सगळं. टांगा कोर्टाच्या दारात उभा राहिला तरी साहेब उतरेनात. "अरे थांब, खरी गंमत पुढंच आहे!" असं म्हणत होते. पक्षकार मागच्या पायरीशी त्यांची बॅग उचलायला उभा होता. त्यानं खरी गंमतसुद्धा ऐकली.

मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो. जेऊरकडे माझा बाप मेंढरं राखायचा. त्याच्या सात पिढ्यांत कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, आणि मी पुण्याला राहून बी. ए. झालो. हे मिरवायला सांगतो असं कुणी म्हणेल. मिरवायलाच सांगतो. सोलापुरात मला स्टेशनजवळ माडीवरची खोली मिळाली होती आणि खिडकीखालीच टांग्यांचा अड्डा होता. म्हणून म्हाळाप्पाला मी रोज बघत होतो.

तो आमच्यापैकीच, धनगराचा. लहानपणापासून त्याची जीभ अडे. तीन-चार शब्द नीट निघत. पुढचा शब्द आला की नवख्या घोडीनं पुलावर अडावं तसा तो अडे, तोंड लाल होई, आणि समोरचा हसे. त्यामुळे त्यानं मोठं वाक्य बोलणंच सोडून दिलं होतं. जे बोले ते तुटक, पण पक्कं. आणि बहुतेक वेळा ते माणसांची जात सांगणारं असे. जात म्हणजे आपली नेहमीची नव्हे. म्हाळाप्पाच्या लेखी जगात मोजक्याच तऱ्हेची माणसं होती: राजपुत्र, सोबती, राक्षस, वाट सांगणारी म्हातारी आणि बोलका राघू. गाडीतून उतरणारं प्रत्येक माणूस तो यांतल्या कुठल्या तरी खणात टाकी.

"म्हातारी," तो एका जाडजूड, मिशाळ रेल्वे-बाबूकडे बघून म्हणाला.

"म्हातारी? अरे, तो पुरुष आहे."

"आसूंद्या की. वाट सांगतोय समद्यांस्नी. सोता कुटं जात न्हाई."

अड्ड्यावर दमदाटी करणारा एक हवालदार होता. तो अर्थात राक्षस. "जीव पटक्यात हाय त्येचा," म्हाळाप्पा म्हणे. आणि खरंच, एकदा वाऱ्यानं हवालदाराचा पटका उडाला, तेव्हा त्याच्या टक्कल पडलेल्या डोक्याला अड्डाभर कुणी भ्यालं नाही.

मी एकदा विचारलं, "आणि मी रे?" मनात उत्तर तयार होतं. सात पिढ्यांचा अंधार ओलांडून मी एकटा निघालो होतो. राजपुत्र नाही तर काय?

म्हाळाप्पानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "राघू," तो म्हणाला. "लई शिकल्याला. पिंजऱ्यात हाय."

लिंबाजी नावाचा दुसरा टांगेवाला शेजारीच होता. तो इतका हसला की त्याची घोडी बिचकली. त्या रागात मी म्हाळाप्पाला विचारलं, "बरं, मग तू कोण?"

तो बराच वेळ लगामाची चामडी बोटांनी चोळत राहिला. "मी गोष्टीत न्हाई, मास्तर. मी भाईर. हूं म्हन्नारा."

ही माणसांची वाटणी त्यानं कुठून आणली, ते सांगायला हवं.

अड्ड्याच्या कडेला लिंबाखाली दस्तगीर नालबंदाची ऐरण होती. दुपारची मेल गेली की संध्याकाळच्या गाडीपर्यंत टांगेवाल्यांना काम नसे. मग घोड्यांना नाल ठोकता ठोकता दस्तगीरचाचा गोष्ट सांगे. एकच गोष्ट. मी खोली घेतली त्याच्या कितीतरी आधी ती सुरू झाली होती. पहाड, उडते घोडे, दगड झालेली शहरं, आणि त्यातून चाललेला एक राजपुत्र नि त्याचा सोबती. कुणालाच नाव नसे. "नाम रख्या तो उस नाम का टांगेवाला रुसता," चाचा म्हणे.

गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. आमच्या गावाकडेही ही रीत आहे. ऐकणारे शंभर असोत, हुंकार देणारा एकच नेमलेला असतो. तो 'हूं' म्हणेल तेव्हाच गोष्ट पाऊल उचलते. तो चुकला की गोष्ट तिथेच उभी राहते. चाचाचा हुंकारी म्हाळाप्पा होता. राक्षस यायच्या आधी त्याचा 'हूं' बारीक होई, राजपुत्राची आई आठवली की लांब होई. हातोडा, शब्द, हूं. हातोडा, शब्द, हूं. खिडकीत पेपर तपासायला बसलेला मी लाल पेन्सिल खाली ठेवून ऐकत असे.

गोष्टीत राजपुत्र अधूनमधून मूर्खपणा करी, चिडे, परीच्या मागे लागे. सोबती कधीच नाही. मी एकदा माडीवरून चाचाला म्हटलं, "तुमचा खरा वीर तो सोबतीच दिसतो. त्यालाच राज्य द्या की."

चाचा तोंडातले खिळे हातात घेऊन हसला. "मास्तर, राज मिल्या तो वो सोबती कैसा रहेगा?"

"हूं," म्हाळाप्पा म्हणाला. तो हुंकार मात्र माझ्या नाकावर टिच्चून दिलेला होता.

त्या उन्हाळ्यात गोष्ट एका बावडीपाशी आली. खोल, अंधारी, तळ न दिसणारी विहीर. तळाशी असलेलं पाणी आणलं तर दगड झालेलं शहर पुन्हा जिवंत होणार होतं. राजपुत्र कमरेला दोर बांधून उतरला आणि वर दोर धरून सोबती उभा राहिला. लिंबाजीच्या घोडीचा खूर चाचाच्या मांडीवर होता.

"राजपुत्र बोल्या, तू थकेगा. सोबती बोल्या, तू जा. डोर मेरे हात में है."

"हूं," म्हाळाप्पा म्हणाला.

पुढचा शब्द आला नाही. म्हाळाप्पानं वाट पाहिली आणि पुन्हा जरा मोठ्यानं 'हूं' म्हटलं. तेवढ्यात हातोडा चाचाच्या हातातून गळून ऐरणीवर वाजला आणि चाचा खुरावरच कलंडला. घोडी तशी खट्याळ, पण त्या वेळी पाय न हलवता उभी राहिली. चाचाला म्हाळाप्पाच्याच टांग्यातून दवाखान्यात नेलं. अर्धांगाचा झटका होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पुढे घरी आणलं, पण जेवण तोंडात घेत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असतो, फार दिवस काढणार नाही, असं अड्ड्यावर बोलत होते.

लिंबाखाली ऐरण नुसतीच राहिली. दुपार कुणाला सरेना. बोलपट तेव्हा नवे होते आणि लिंबाजीनं ते सगळे पाहिले होते. एका दुपारी तो ऐरणीवर जाऊन बसला आणि म्हणाला, "बसा रं. बावडीतनं काडतो त्याला भाईर."

आणि त्यानं काढलंही. तळाशी राक्षस होता, तो मेला. परी होती, ती गायली. लिंबाजी स्वतः गाऊन दाखवत होता. मग वर उभ्या असलेल्या सोबत्याला साप डसला, तो पडला, राजपुत्र दोराला धरून आपला आपण वर आला आणि सोबत्याचं डोकं मांडीवर घेऊन रडला. प्रसंग वाईट नव्हता. दोघातिघांनी डोळेही पुसले. मग सगळे म्हाळाप्पाकडे बघायला लागले, कारण अजून हुंकार आला नव्हता.

म्हाळाप्पा आपल्या घोडीच्या, बिजलीच्या, शेपटातली गोखरं काढत होता.

"आरं, हूं म्हन की!" लिंबाजी ओरडला.

"दोर कुणी धरला?"

"आं?"

"सोबती पडला. मग दोर कुणी धरला?"

"ग-ग-गोष्ट हाय ती, म्हाळ्या!" लिंबाजीनं त्याच्या अडखळण्याची नक्कल केली. "लई सोस आसंल तर जा, बावडीवर जाऊन हुबा ऱ्हा तूच!"

म्हाळाप्पानं बिजलीला जुंपलं आणि निघून गेला.

त्यानंतर तो दुपारी अड्ड्यावर दिसेनासा झाला. मेलची सवारी ही टांगेवाल्याची दिवसाची भाकरी. तीसुद्धा तो सोडू लागला. सकाळी असे, संध्याकाळी असे, मधल्या वेळी गायब. लिंबाजीनं लवकरच शोध लावला, म्हणजे स्वतःच्या मनानं लावला: म्हाळाप्पानं बाळे गावाकडे दुसरा गोष्ट सांगणारा गाठला आहे आणि तिथं हुंकार द्यायला जातो आहे. "चाचा जित्ता हाय आजून," लिंबाजी थुंकून म्हणाला, "आन ह्यानं धनी बदलला." हे म्हाळाप्पाच्या तोंडावर झालं. त्यानं बिजलीचा पट्टा आवळला. खरं सांगायचं तर मलाही ते लागलं. वाटलं, सोबती-सोबती म्हणून जग तोलणारा माणूस, आणि निघाला असा.

पुढे एका रविवारी भर दुपारी मी बाजारातून परत येत होतो. ऊन टाळायला एका बोळात शिरलो, तर समोर बिजली उभी. टांगा रिकामा. शेजारच्या दाराला गोणपाटाचा पडदा, आणि आतून एक आवाज येत होता. तो मी ओळखला नाही. कुणीतरी अडखळत, थांबत, शब्दाशब्दाला धापा टाकत काहीतरी सांगत होतं.

मी पडदा जरा बाजूला केला. चुलीपाशी दस्तगीरची बायको होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. "आओ मास्तर, बैठो," ती हलक्या आवाजात म्हणाली. "बात नक्को करो. किस्सा चालू है."

खाटेवर चाचा होता. अर्धा उरलेला. खाली जमिनीवर म्हाळाप्पा बसला होता आणि त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता.

"वारं सुटलं," तो म्हणाला. "झाडं म-मोडली. सोबती हुबाच."

खाटेवरून आवाज आला, "हूं."

मी चाचीकडे बघितलं. "येकच आवाज बच्या है," ती म्हणाली. "दूसरा कुच निकलताच नै. बेटे आये, हकीम आया, किसीके हात से घास नै लिया. ये आके किस्सा बोल्या, तो मूं खोल्या."

ती वाटी घेऊन खाटेपाशी गेली. चाचानं 'हूं' म्हटलं की तोंड उघडं राही, तेवढ्यात ती पेजेचा चमचा आत घाली. मग म्हाळाप्पाचं पुढचं वाक्य. चार शब्दांचं, कधी तीन. पाचव्याशी तो झुंज घेई. मानेच्या शिरा ताठ होत, डोळे मिटत. चाचा वाट बघत असे. आयुष्यभर ज्यानं याला वाट बघायला लावली होती, तो आता डोळे न हलवता वाट बघत होता. आणि शब्द निघाला की 'हूं' यायचा, अगदी जागेवर.

चाची तोंड पुसत होती तेवढ्यात मी हळूच विचारलं, "म्हाळाप्पा, राजपुत्र वर कधी येणार?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला चोरी करायला सांगितली.

"म्या कसा आनू? गोष्ट चाचाची. त्योच आनंल."

"आणि तोवर?"

"तंवर धरतो की."

तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. बिजलीला बांधायचा दोर त्याच्या मुठीत होता. मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरलेला. तिथून तो जमिनीवरून, खाटेच्या पायाशेजारून वर गेला होता आणि त्याचं दुसरं टोक चाचाच्या डाव्या हातात होतं. तेवढाच हात चाचाचा उरला होता.

बाहेर मेलची शिट्टी झाली. बिजलीनं सवयीनं खूर आपटला. म्हाळाप्पा उठला नाही.

"बावडीत अंधार," तो सांगू लागला. "हाक आईकू येत न्हाई. सोबती वाकून बगतोय." तो थांबला. या वेळी जीभ अडली नव्हती; तो खाटेकडे बघत थांबला होता. चाचाची बोटं हलली. हळूहळू आवळली. दोर जमिनीवरून वीतभर उचलला आणि म्हाळाप्पाच्या मनगटाला ओढ बसली.

"हिसका आला," म्हाळाप्पा म्हणाला. "खालनं. जित्ता हाय. सोबत्याला कळलं. जित्ता हाय."

"हूं," चाचा म्हणाला.