नाव घ्या, मोठ्यानं!

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंद निर्मलाबाई, आजाऱ्याला भेटायला गेल्या की तब्येत विचारत नाहीत, आधी भांडतात. कुणी "त्यांना ते... मोठं दुखणं झालंय" असं कुजबुजलं, की संपलंच. "नाव न्हाय का त्याला? कॅन्सर म्हणा. मोठ्यानं!" मग आजाऱ्यासकट सगळ्या घराला कॅन्सर म्हणावं लागतं. चहा त्यानंतर.

जन्मभर त्यांनी मुंबईच्या प्रयोगशाळेत कॅन्सरवर संशोधन केलं. मी नवी नवरी होते तेव्हा घरात सारखं "निर्मलाचा पेपर, निर्मलाचा पेपर" चालायचं. मी मॅट्रिक पास, त्यामुळं सर्वज्ञ. मला वाटायचं, बिचाऱ्या दरसाल नापास होतात. एकदा त्या परत निघाल्या, तर मी त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली. म्हटलं, "वन्सं, या खेपेला तरी विषय निघू दे." त्यांनी दही खाल्लं आणि आमच्या गावच्या, ढोकीच्या स्टँडवर एसटी हलेपर्यंत मला झापलं.

निवृत्त होऊन त्या ढोकीला आल्या, त्या रागासकट. राग कशाचा, ते एकदा त्यांनीच सांगितलं. शास्त्रज्ञांत म्हणे रीत असते. दुसऱ्याच्या पेपरचा आधार घेतला, तर आपल्या पेपरात त्याचं नाव घ्यायचं.

"म्हंजे उखाणाच की!" मी म्हटलं.

"शकू, गप बस." मग फणफणल्या, "काचेच्या बशीत पेशी वाढवल्या, त्या पेपरासाठी जगभर माझं नाव घेतात. आन् गावोगाव हिंडून लिहिलं, बायका गाठ का लपवतात ते, त्याचं नाव एकानं घेतलं न्हाय. मेले सगळे!"

तो पेपर त्यांनी का लिहिला, मला ठाऊक होतं. आमच्या सासूबाईंनी गाठ चोळीआड लपवली होती, पोटची लेक त्याच रोगाची शास्त्रज्ञ असताना. लाज वाटली म्हणे. त्यातच गेल्या.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारची सुनीता नवऱ्याचं नाव घेताना लाजली. वन्सं कडाडल्या, "नवऱ्याच्या नावाला लाजा, दुखण्याच्या नावाला लाजा! हाताला गाठ लागली तरी लाजतच मरा!" बायका वाण घेऊन पटापट उठल्या. मला लई संताप आला. तिळगूळ देताना असं बोलतात व्हय?

सुनीता मात्र मागं राहिली. पाट उचलल्यासारखं केलं, मग वन्संच्या कानाशी लागली.

"मोठ्यानं!"

"आत्या, मला गाठ हाय."

दुसऱ्याच दिवशी वन्संनी तिला दवाखान्यात नेलं. जाताना तिच्या नवऱ्यावर ओरडल्या, रिक्षावाल्यावर ओरडल्या, तिथं गेल्यावर डॉक्टरवरही. कॅन्सरच निघाला, पण वेळेत सापडला. ऑपरेशन झालं, औषधं झाली.

यंदा डोक्यावर नुकते उगवलेले केस घेऊन सुनीता हळदीकुंकवाला आली आणि सगळ्यांआधी उभी राहिली.

"ढोकीच्या उसाला पाचटाची धार,
निर्मलाआत्यांचं नाव घेते, गाठ गेली पार!"

"अगं, आन् नवऱ्याचं?" बायका ओरडल्या.

"त्याचं पुढच्या वर्षी."

"साल न्हाय, पेपरचं शीर्षक न्हाय, असं नाव घेतात का?" वन्सं फणकारल्या आणि तरातरा आत गेल्या. मी मागोमाग गेले, तर सासूबाईंच्या फोटोपुढं पाठमोऱ्या उभ्या.

"शकू, काय म्हणाली गं ती? परत म्हण."

मी त्यांच्या कानाशी लागले. कसंबसं कुजबुजले.

मोठ्यानं म्हण, असं काही वन्सं म्हणाल्या नाहीत.