अप्पा वकिलांची आंघोळ

कोर्टाचे कमिशनर आमच्या हॉलचा गळका स्लॅब पाहायला येणार म्हणून आदल्या दिवशी मी तो रंगवून घेतला. पाहुणे येणार, घर बरं दिसावं, एवढाच विचार. बिल्डरवर आम्ही केस केली होती ती गळतीचीच, हे मला रंग वाळल्यावर आठवलं.

आमचे वकील सिद्रामप्पा, म्हणजे अख्ख्या सोलापूरचे अप्पा वकील. मूळचे मैंदर्गीचे. चिडले की कानडीत, लाडात आले की मराठीत. केसेस घेतात त्या फक्त बिल्डरांविरुद्ध. कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी खिशातली गोटी फरशीवर सोडतात आणि ती कुठं पळते ते बघतात. वास्तुशांतीच्या पंगतीत बसून "उतार चुकलाय की" म्हणणारा हा एकमेव माणूस. तरी लोक बोलावतात. स्लॅब गळका असेल तर स्टुलावर चढून त्याला कान लावतात. "पक्षकार खोटं बोलतोय, बिल्डर तर बोलतोयच. स्लॅबला खोटं जमत न्हाय."

आमचा चकचकीत स्लॅब पाहून अप्पांनी कपाळाला हात लावला. "अय्यो, साक्षीदाराचं तोंडच लिंपलं की तुमी."

तेवढ्यात कमिशनर बाई आल्या, मागोमाग बिल्डरचे वकील. वर बघून ते असे हसले, जणू रंगाचे पैसे त्यांनीच दिले होते. "मॅडम, गळती कुठंय?" बाईंनी 'गळती नाही' असं लिहिलं की केस संपली, आणि जन्मभर उशाला बादली घेऊन झोपणं आमच्या नशिबी.

"मॅडम, तवर चहा घ्या," अप्पा म्हणाले. काळा कोट खुर्चीवर टाकला, आमच्या दोरीवरचा टॉवेल ओढला आणि जिना चढले. वरच्या मजल्यावर लक्ष्मीकाकूंचं दार वाजलं; त्यांची मोरी बरोबर आमच्या हॉलवर. "काकू, जरा आंघोळ करायची हाय. कोर्टाचं काम हाय," हे आम्हाला खाली स्पष्ट ऐकू आलं.

मग वर धबाधब पाणी, आणि अप्पांचं कानडी भजन. खाली आम्ही सगळे, बिल्डरच्या वकिलांसकट, माना वर करून बसलेलो. रंगाला फोड आला. फोड फुगला. मी श्वास धरला, बायकोनं माझा दंड धरला, आणि पहिला थेंब पडला तो नेमका बिल्डरच्या वकिलांच्या बशीत. मी टाळी वाजवली. कमिशनर बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, आणि लिहायला घेतलं.

केस वाचली. पण पाणी थांबलं तरी अप्पा खाली येईनात. मी वर धावलो, तर ते जिन्यातच बसलेले. केस ओले, डोळे लाल.

"अप्पा, जिंकलो की. साबण गेला का डोळ्यात?"

"न्हाय." टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले, "आंघोळ चाललेली, तर काकूनं भाईरनं इचारलं, पाणी पुरलं का, आनखी देऊ? आमची घरची वारल्यापासनं कुणी इचारलं नव्हतं."

खाली येऊन मी बायकोला म्हटलं, "पाण्याचं विचारलं म्हणून एवढा मोठा वकील रडतो गं."

"तुम्हाला मी रोज विचारते," ती फरशी पुसत म्हणाली. "एकदा तरी उत्तर दिलंय?"