चिंधी बांधलेला दुधी

"यंदाचा दुधीहलवा माझ्या गच्चीवर, माझ्या स्वतःच्या वेलाच्या दुधीचा!" असं प्रभाकर चित्रे सरांनी होळीच्या दिवशीच जाहीर करून टाकलं. तेव्हा वेलावर दुधी होता एकुलता एक, आणि तोही करंगळीएवढा. पण सरांचा स्वभावच तसा. नदी डोंगरात उगम पावली की ती समुद्राला मिळालीच, असं त्यांनी उभी नोकरी पोरांना भूगोलात शिकवलं होतं.

जाहीर केलं ते ‘गच्चीवरची माती’ या मोबाइलवरच्या गटावर. भिवंडीत ज्यांना गच्ची आहे आणि ज्यांना गप्प बसवत नाही, असे बहुतेक सगळे या गटात आहेत. ऊन तापायला लागलं की या मंडळींना जेवायला फुरसत नसते, बातम्या द्यायला मात्र असते. कुणाच्या भेंडीवर माव्याची कीड पडली, कुणाच्या मोगऱ्याला पहिली कळी आली, कुणी शेणखताची गोणी रिक्षात घातली आणि रिक्षावाल्यानं गोणीसकट त्याला अर्ध्या रस्त्यात उतरवलं, सगळं सकाळ-संध्याकाळ गटावर येतं. शिवाय दर उन्हाळ्यात एक रविवार ठरवून सगळे कुणा एकाच्या गच्चीवर जमतात, त्यानं पिकवलेलं खातात, आणि ‘आपली बाग बरी’ असं मनातल्या मनात म्हणत घरी जातात.

मागल्या उन्हाळ्यात पाळी सरांची होती, पण ती हुकली, कारण खायला घालण्यासारखं काही पिकलंच नाही. वेल गच्चीभर पसरला, पाण्याच्या टाकीवर चढला, शेजारच्या कठड्यावरून डोकावून आला, पण फळ म्हणून धरलं नाही. तेव्हा खारबावच्या केसरीनाथांनी गटावर लिहिलं होतं, "सरांच्या वेलाला पानं फार सुंदर लागतात." आणि खाली हात जोडल्याचं चित्र. ते जोडलेले हात सरांना वर्षभर झोपेत दिसत होते.

म्हणून यंदा त्यांनी कंबरच कसली. संध्याकाळी दुधीची फुलं उमलली की सर गच्चीवर हजर. नराचं फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि पराग स्वतःच्या हातानं मादीच्या फुलाला लावायचा. खालून शुभदाताई विचारायच्या, "अहो, कुणाशी बोलताय एवढं?"

"फुलांशी."

"त्यांचं झालं की खाली या. आमटी उतू गेलीये."

अशा कष्टांतून ते एक फळ धरलं. सरांनी त्याच्या देठाला लाल चिंधी बांधली. यंत्रमागांच्या गावात चिंधीला काय तोटा! सरांच्या लेखी चिंधीचा अर्थ स्वच्छ होता: हा दुधी हलव्याचा, दुसऱ्या कुणी तोडू नये.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी सरांना कधी कुणी सांगितली नव्हती. आसपासच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या वेलावरच्या एखाद्या चांगल्या फळाला चिंधी बांधतात, आणि ते फळ बियाण्याचं असतं. ते खायचं नाही, तोडायचं नाही, वेलावरच वाळू द्यायचं. मग त्याच्या बिया पुढच्या सालाला. चिंधी दिसली की चोरसुद्धा त्या फळाला हात लावत नाही म्हणतात.

सरांचे शेजारी हिरामण तरे हे सगळं आईच्या दुधाबरोबर शिकलेले. त्यांची शेलार गावाकडची भातशेती आता गोदामांखाली गेली होती, भाडं घरबसल्या येत होतं, पण हाताला मातीची खाज सुटायची ती सुटायचीच. म्हणून त्यांनीही गच्चीवर काकडी-चवळी मांडली होती. दोन गच्च्यांच्या मधे गुडघाभर कठडा. हिरामणशेठ गटात मात्र नव्हते. म्हणायचे, "माती हाताला लावायची चीज हाय, मोबाइलला कशाला?"

होळीनंतर सरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी दीड महिना ऊन, धूळ, वाकणं आणि जिने या सगळ्यांवर बंदी घातली. शुभदाताईंच्या गुडघ्यांना गच्चीचा लोखंडी जिना आधीच वर्ज्य होता. तेव्हा सरांनी हिरामणशेठना बोलावून घेतलं.

"हिरामणशेठ, वेल तुमच्या हवाली. बाकी तुम्हाला वाटेल ते करा. पण चिंधीवाल्याला कुणाचा हात लागता कामा नये."

हिरामणशेठनी सरांकडे नव्या आदरानं पाहिलं. शहरातला शिकलेला माणूस, आणि पहिलंच फळ बियाला सोडतोय.

"सर, तुमी बिनघोर राव्हा. चिंधी बांधली ना, मंग इषय संपला. आमच्या घरातला बी कोन हात लावनार न्हाय."

"महिना-दीड महिन्यानं सगळी मंडळी जमतील, तेव्हा मी स्वतः उतरवणार. सगळ्यांना देणार."

"सगल्यांना?" हिरामणशेठनी विचारलं. "लय मोठं मन हाय सर तुमचं."

इतकं एकमत भिवंडीत फार क्वचित होतं.

मग सरांचा कारभार खालच्या गॅलरीतून सुरू झाला. डोळ्यांवर हिरवा काळपट चष्मा, मोबाइल शुभदाताईंच्या ताब्यात. संध्याकाळी त्या गटावरच्या बातम्या वाचून दाखवायच्या आणि सर उत्तरं सांगायचे. शुक्रवारी यंत्रमाग बंद, त्यांची खटखट थांबलेली, त्यामुळे त्या दिवशी वरखाली बोलणं व्हायचं.

"हिरामणशेठ, केवढा झाला?"

"हाताएवढा!"

पुढच्या शुक्रवारी, "आता?"

"मांडीएवढा!"

"लिही," सर शुभदाताईंना म्हणायचे, "दुधी मांडीएवढा. केसरीनाथांना वेगळं कळव."

"उतरवायला आला का हो?" सरांनी एकदा हिरामणशेठना विचारलंच.

"छ्या! घाई नका करू, सर. वेलावरच राव्हू दे."

सरांनी मान डोलावली. शेतकऱ्याचा शब्द तो. आपल्याला काय कळतं!

फोटो काही मिळेना. कारण हिरामणशेठच्या पत्नी धोंडूबाईंनी दुधीला मांजरपाटाचं झबलं शिवून घातलं होतं, वर काळी बाहुली टांगली होती, आणि "नजर लागते, फोटू नाय काढायचा," असा हुकूम सोडला होता. सरांनी तो फार आनंदानं मानला. उलट गटावर कळवलं की अनावरण समारंभपूर्वक होईल.

या दिवसांत चित्र्यांच्या घरी दुधी फार होत होता. दुधी-चणाडाळ, दुधीचे मुटके, दुधीचं भरीत. पहिल्या दिवशी घास घेऊन सर म्हणाले, "बाजारातला ना?"

"अहो, हा आपल्या..." शुभदाताईंनी तोंड उघडलं.

"चव बघ! नुसतं पाणी. औषधं टोचून वाढवलेला. या लोकांना दुधी म्हणजे काय ते ठाऊकच नाही. थांब, माझा एकदा उतरू दे, मग दाखवतो." आणि मातीतल्या चुनखडीपासून सुरू झालेलं व्याख्यान ताक संपेपर्यंत चाललं. शुभदाताईंनी तोंड मिटलं, ते मिटलंच.

शेवटी तो रविवार उजाडला. डॉक्टरांनी चष्म्यासकट जिना चढायची परवानगी दिली होती. सकाळपासून शुभदाताई मोठ्या कढईत हलव्यासाठी दूध आटवत होत्या. पाच वाजता मंडळी आली. हिरामणशेठही धुवट सदरा घालून आले. एवढंच होतं, की आलेल्यांपैकी पाचसहा जणांना हिरामणशेठनी जिन्यात विचारलं, "डबी आनली का?" आणि त्यांना वाटलं, हलवा घरी न्यायला देणार असतील. सर किती बदलले, असंही वाटलं.

सर वर गेले. दीड महिन्यांनी त्यांनी आपला वेल पाहिला. चष्म्यातून सगळं जग हिरवंगार दिसत होतं.

"मित्रहो," ते म्हणाले, "काही लोकांचं म्हणणं होतं की या वेलाला पानं लागतात." केसरीनाथ कुंडीकडे बघायला लागले. सरांनी झबल्याची नाडी सोडली.

झबलं गळून पडलं. मांडीएवढा दुधी. सरांना तो हिरवाकंच, टवटवीत दिसला. बाकीच्यांना तो पिवळट-तपकिरी, जुन्या पाटासारखा दिसला. पण यजमानाला कोण सांगणार? टाळ्या वाजल्या, जरा सांभाळूनच. हिरामणशेठनी मात्र तळहात लाल होईपर्यंत वाजवल्या.

सरांनी कात्री लावली. देठ काडीसारखा कटकन मोडला. दुधी हातात आला तो पिसासारखा हलका. उंची जात, सरांनी मनाशी म्हटलं. केसरीनाथांनी पुढे होऊन बोटानं दुधी वाजवला. टक, टक.

"सर," ते म्हणाले, "आत कोण राहतं?"

सरांनी लक्ष दिलं नाही. दुधी काखेत मारून ते जिना उतरून थेट स्वयंपाकघरात गेले. "हा घे. कीस."

शुभदाताईंनी दुधी उलटसुलट पाहिला. "अहो, हा किसायचा की याला बिजागरी लावायची?"

"किसायचा!"

किसणीचे दात बोथटले. सुरीचं पातं वाकलं. विळीवर धरला तर तो फिरला, सरांच्या हातून सुटला आणि गडगडत ओट्याखाली गेला. सर वाकायला गेले, शुभदाताई ओरडल्या, "डोळे! डॉक्टरांनी काय सांगितलंय?" तेव्हा ते बसून, मान ताठ ठेवून, पायानं दुधी ओढायला लागले. माघार मात्र घेईनात. वरून मंडळी विचारत होती, "सर, मदत हवी का?" आणि सर सांगत होते, "बसा, बसा, होतच आलाय!" कढईतलं दूध आटून कडेला धरायला लागलं होतं.

तेवढ्यात हिरामणशेठ कोयता घेऊन दारात उभे. "असा नाय फुटायचा, सर. व्हा बाजूला." एका घावात दोन शकलं. आत पांढरा कोरडा भुसा, आणि त्यात खच्चून भरलेल्या बिया. हिरामणशेठनी मूठभर बी हातावर घेतलं. "बगा सर, कसं भरलंय! सगल्या भिवंडीला पुरंल."

"बी?" सर म्हणाले. "आणि हलवा?"

"कनचा हलवा?"

"या दुधीचा!"

"बियाच्या दुधीचा हलवा?" हिरामणशेठनी कोयता खाली ठेवला. "सर, चिंधी तुमीच बांधली ना?"

"बांधली ती खायचा म्हणून! इतरांनी तोडू नये म्हणून!"

"खायाचा त्याला चिंधी कशाला? तो मानूस तोडतंय नि खातंय. चिंधी बियाला बांधतात, सर. तुमी बोल्लात सगल्यांना देनार, मी म्हटलं, बी देनार."

सरांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच त्यांना दुधीचा खरा रंग दिसला. वर वीसेक माणसं बसली होती, आणि त्यात केसरीनाथ. सरांना खरंच रडू आलं. इतकं जपलं, इतकं बोललो, आणि आता वर जाऊन काय सांगू? पण जायचं तर होतंच. ते भिंतीला धरून उठले.

"मीच सांगतो," ते म्हणाले. "माझा वेल, माझी चिंधी."

ते दारापर्यंत पोचले, तर समोरून धोंडूबाई आल्या. पदरात तीन कोवळे, लुसलुशीत, हिरवे दुधी. "वैनी, घ्या वो. येलावर व्हते, आताच काडले. दूध करपंल नायतर."

शुभदाताईंनी किसणीचा उरलासुरला भाग कामाला लावला. अर्ध्या तासात वेलचीचा वास गच्चीवर गेला. सरांनी वर जाऊन खरं काय ते सांगितलं, एकही शब्द न गाळता. मंडळी पोट धरून हसली, आणि मग हिरामणशेठच्या हातून एकेक चिमूट बी घ्यायला रांग लागली. केसरीनाथ रांगेत शेवटी होते. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"सर, जरा जास्त द्यायला सांगा," ते हळूच म्हणाले. "यंदा माझ्या वेलाला पानंच लागलीत."

बस. सरांच्या अंगात पुन्हा भूगोल संचारला. हलव्याची वाटी हातात घेऊन ते मधोमध उभे राहिले. पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"याला म्हणतात दुधी! गोडवा बघा, माती बोलते माती. शुभदा, गेला महिनाभर तू मला जे बाजारातलं पाणचट खायला घातलंस ना, ते आणि हे..."

"ते याच वेलाचं होतं," गुडघ्यांना न जुमानता कशीबशी जिना चढून आलेल्या शुभदाताई म्हणाल्या. "धोंडूताई दर दोन दिवसांनी देत होत्या. पहिल्याच दिवशी सांगणार होते. पण तुम्ही बोलत होतात."

सूर्य कधीच मावळला होता. सरांनी खिशातून हिरवा चष्मा काढला, अंधार पडलेला असतानाही तो डोळ्यांवर चढवला, आणि आणखी हलव्यासाठी मुकाट्यानं वाटी पुढे केली.