मूषक नियंत्रण समितीच्या बैठकीचे इतिवृत्त

निसर्ग कोणाची बदली करत नाही. तो फक्त जागा रिकामी करतो.

आमच्या कार्यालयाच्या फायलींच्या खोलीत निसर्गाचे हे काम वीस वर्षे पिंजरेकाकांकडे होते. रोज ठीक अकराला ते दारात खोकायचे, दिवा लावायचे आणि पाव अडकवलेला पिंजरा डाव्या कोपऱ्यात ठेवायचे. (पद्धत बदलण्यासाठी अर्ज केला होता. तो उंदरांनी खाल्ला.) निष्कर्ष असे :

१. पहिल्या वर्षी ४१२ उंदीर सापडले. सगळे धीट, चौकस आणि पावाचे शौकीन. थोडक्यात, होतकरू मंडळी.

२. उरले ते खोकला ऐकताच बिळात घुसणारे आणि पावाला नाक मुरडणारे. त्यांना पिल्ले झाली. पिल्ले आईबापांच्या वळणावर गेली.

३. कोणी कोणाला काही शिकवले नाही. प्रशिक्षणाचा खर्च शून्य.

५. विसाव्या वर्षी सापडलेले उंदीर : शून्य.

सबब उंदीर नाहीत, सबब पिंजरेकाकांचे पद कशाला, असा प्रश्न सोमवारी समितीपुढे आला. काकांच्या निवृत्तीला तीन वर्षे होती आणि त्यांना दुसरे काही येत नव्हते.

"साहेब, उंदीर आहेत हो! कपाटात फायली कमी नि लेंड्या जास्त झाल्यात."

"नोंदवहीत शून्य कोणी लिहिलंय?" हेडक्लार्कबाई म्हणाल्या. "निदान स्वतःच्या अक्षरावर तरी विश्वास ठेवा, काका."

"गुरुवारी एक उंदीर दाखवा," साहेब म्हणाले. "पद कायम."

काका विचार करतात. (आमच्याकडे हा प्रतिकूल शेरा आहे.) बुधवारी ते खोकले नाहीत, दिवा लावला नाही. पिंजऱ्यात पावाऐवजी जुनी फाइल ठेवली. दहा मिनिटांत मांजराएवढा उंदीर आत.

गुरुवारी काकांनी टेबलावर पिशवी उघडली. उंदीर विषयपत्रिकेवरून चालत गेला, साहेबांच्या कपात तोंड घालून चहा प्याला आणि त्याने मिशा पुसल्या. उरलेला चहा साहेब प्याले.

"पिशवी रिकामी," बाई म्हणाल्या. "लिहून घ्या."

कोणी खोटे बोलत नव्हते, हे नमूद करणे आवश्यक आहे. ज्यांना उंदीर दिसायचे, ते वीस वर्षांत तक्रारी लिहून लिहून लांबच्या शाखांत गेले. ज्यांना दिसत नव्हते, ते वर चढले. नव्या उमेदवारांच्या मुलाखती आता तेच घेतात.

काका माझ्याकडे वळले. "अरे, तुझ्या वहीवरच बसलाय तो! तू तरी सांग की!"

घरी माझ्यावर चार माणसे अवलंबून आहेत. मी उंदराएवढी जागा सोडून पुढे लिहू लागलो.

पद एकमताने रद्द. काका रिकामी पिशवी झटकून, घडी घालून गेले.

वरच्या यादीत चौथा मुद्दा नाही. तिथे उंदीर बसला होता. वाचताना तुमच्या हे लक्षात आले नसेल, तर अभिनंदन. सोमवारी मुलाखतीला या.

आले असेल, तर तुम्ही कोणाला काही बोलला नाहीत. तुम्हीही या.