सोफ्याच्या रंगाचा कुत्रा

घरात कुत्रा असेल तर सोफा कुत्र्याच्या रंगाचा घ्यावा, हे तत्त्व आता सर्व सुशिक्षित कुटुंबांत मान्य झालेलं आहे. केस गळत नाहीत असा या तत्त्वाचा दावा नाही. ते दिसू नयेत एवढीच माफक अपेक्षा आहे, आणि पाहुणे जाईपर्यंत ती पुरते.

प्रस्तुत कुटुंबात चार जीव होते. कुटुंबप्रमुख एका मोठ्या कचेरीत उपप्रमुख होते आणि घरीही त्याच हुद्द्यावर होते. प्रमुखपद त्यांच्या पत्नीकडे होतं. तिसरे कुटुंबप्रमुखांचे वडील, म्हणजे आप्पा. चौथा भुऱ्या. तो पिल्लू असताना आप्पांनी त्याला भाजीच्या पिशवीत घालून घरी आणलं होतं आणि भाजी बाजारातच विसरले होते. संध्याकाळी सोफ्यावर भुऱ्याचं डोकं आप्पांच्या मांडीवर असे आणि आप्पांचं बोलणं भुऱ्याच्या कानांवर. बाकी दोघांना ऐकायला सवड नसल्यामुळे ही व्यवस्था सर्वांच्याच सोयीची होती.

पुढे भुऱ्यानं सोफ्याचा हात कुरतडून आतला स्पंज खोलीभर पसरला, आणि नव्या सोफ्याचा प्रश्न ऐरणीवर आला. पत्नींनी तज्ज्ञांचे लेख वाचले. कापड घट्ट विणीचं हवं, पाय लोखंडी हवेत आणि रंग जनावराचा हवा. त्यांनी भुऱ्याला विंचरलं, निघालेले केस एका पारदर्शक पिशवीत भरले आणि शिंप्याकडे दोरा जुळवायला कापडाचा तुकडा न्यावा, तशी ती पिशवी पर्समध्ये ठेवली.

"हे पाठीचे झाले," कुटुंबप्रमुखांनी हरकत नोंदवली. "पोटाचे पांढरे आहेत."

"तो पोट टेकून बसतो ना? मग पोटाचे त्याच्या खालीच राहणार. दिसणार ते पाठीचे."

"आणि उठल्यावर?"

"अहो, पण त्याला उठवायचं कशाला?"

हरकत निकाली निघाली.

चौथ्या दुकानात रंग जुळला. 'भाजका बदाम' असं त्या छटेचं नाव होतं. दुकानदारानं केस कापडावर ठेवले आणि ते त्यालाच परत सापडेनात, तेव्हा पत्नींच्या चेहऱ्यावर लग्न ठरल्याचं समाधान दिसलं. सोफा महिन्याभरानं आला. तो राखाडी होता.

"भाजका बदाम कंपनीनं बंद केला हो," दुकानदार फोनवर म्हणाला. "हल्ली राखाडीच जास्त चालतोय."

"अहो, पण आमचा कुत्रा तांबूस आहे!"

"परत घेतला असता, साहेब. पण वरचं प्लास्टिक फाटलंय म्हणता. मग नाही घेता येत." प्लास्टिक भुऱ्यानंच फाडलं होतं, आनंदाच्या भरात. "आता सोफा काही बदलत नाही. कुत्रा बदलता आला तर बघा!" असं म्हणून दुकानदार खो खो हसला.

कुटुंबप्रमुख हसले नाहीत. त्यांच्या कचेरीत विनोदाची अंमलबजावणी करण्याची पद्धत होती.

तरीही घाईनं निर्णय घेतला, असं कुणी म्हणू नये. आधी इतर उपाय झाले. राखाडी सोफ्यावर तांबूस चादर घातली. केस दिसेनासे झाले, पण सोफाही दिसेनासा झाला.

"झाकायचाच होता तर जुना काय वाईट होता?" आप्पांनी विचारलं. हा प्रश्न विषयाला सोडून असल्यामुळे विचारात घेतला गेला नाही.

मग भुऱ्याला रंगवण्याचा पर्याय तपासला. पत्नींच्या पार्लरवालीनं हात जोडले. "ताई, माझ्याकडे लोक राखाडी घालवायला येतात. राखाडी करून मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आणि तो मला चावला तर?"

पर्याय संपले. एका रविवारी सर्व सदस्यांना सोफ्यासमोर बसवण्यात आलं. सोफ्यावर कुणी बसलं नाही.

"आप्पा, भुऱ्यासाठी चांगली जागा बघितली आहे," कुटुंबप्रमुख म्हणाले. "शहराबाहेर एक गोदाम आहे. मोकळी हवा, राखणीचं काम. त्याच्या आयुष्याला जरा दिशा मिळेल."

"त्यानं केलंय काय?"

"केलं काहीच नाही हो. त्याच्या वागणुकीबद्दल कुणाचीच तक्रार नाही. प्रश्न फक्त रंगाचा आहे."

"घर सुनं नाही वाटणार, आप्पा," सूनबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "त्याच्या जागी राखाडी मांजर आणतोय. बोलणं झालंय."

आप्पा थोडा वेळ भुऱ्याच्या कानामागे खाजवत राहिले. मग म्हणाले, "माझे केस पांढरे आहेत, सूनबाई. मी कुठल्या रंगात बसतो?"

"अहो आप्पा, काहीतरीच काय! तुम्ही घरचे आहात," सूनबाई म्हणाल्या. त्या मनापासूनच बोलत होत्या. परंतु बोलता बोलता त्यांची नजर सोफ्याच्या पाठीकडे गेली. आप्पा जिथं डोकं टेकत, तिथं दोन पांढरे केस होते. शेजारी तेलाचा पुसट डागही होता. कुटुंबप्रमुखांनीही तो पाहिला. सूनबाई आत गेल्या आणि केस टिपायचा चिकट रोलर घेऊन आल्या. दुसऱ्या दिवसापासून आप्पांच्या जागेवर एक टॉवेल दिसू लागला. टॉवेल राखाडी होता, म्हणजे आप्पांचा पूर्ण मान राखला गेला होता.

आप्पांनी धाकट्या बहिणीला फोन लावला.

"अगं, चार दिवस येऊ का? बरोबर कुत्रा आहे."

"ये की! पण दादा, सांगून ठेवते, बसायला एकच बाकडं आहे माझ्याकडे. तेही डुगडुगतं."

"रंग कुठला त्याचा?"

"रंग? रंग उडून जमाना झाला. का रे?"

"काही नाही. येतो."

निघताना भुऱ्या गाडीत आधी चढला. कुटुंबप्रमुखांना भरून आलं. "आप्पा, चार दिवसांत नक्की परत या हं," ते म्हणाले. चार दिवस म्हणजे नेमके किती, हे ठरवायची आपल्याकडे पद्धत नाही. त्यांनीही ठरवलं नाही.

मांजर आलं. ते सोफ्याशी इतकं तंतोतंत जुळलं, की पहिल्याच आठवड्यात एक पाहुणे सरळ त्याच्यावरच बसले. पाहुण्यांना टाके पडले. रंगनिवड किती अचूक होती याचा याहून मोठा पुरावा मिळणं कठीण होतं, आणि पत्नींनी तो पुढच्या प्रत्येक पाहुण्याला सांगितला.

आता त्या घरी येणारा प्रत्येक जण सोफ्यावरून हात फिरवतो. बसायचा धीर फार थोड्यांना होतो, पण कौतुक सगळेच करतात. दुकानाचा पत्ता विचारतात, कापड कोणतं ते विचारतात, नखं अडकतात का ते विचारतात. आप्पा कुठं दिसत नाहीत, असं अजून कुणी विचारलेलं नाही. कुटुंबप्रमुखांनी त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं. ते वाया गेलं.

वाचकांतही बऱ्याच जणांना मघापासून कापडाबद्दलच विचारायचं आहे, याची आम्हाला कल्पना आहे. संकोच करू नये. कापड मायक्रोफायबर आहे. नखं अडकत नाहीत, डाग ओल्या फडक्यानं निघतात, उन्हानं रंग विटत नाही. सध्या फक्त राखाडीच मिळतंय. तेव्हा मागणी नोंदवण्याआधी घरात कुणाचे केस कोणत्या रंगाचे आहेत, तेवढं एकदा पाहून घ्यावं.